चार वजनांत अख्खा मण

वाण्याच्या हातातून चाळीस शेरांचा दगड निसटतो आणि त्याचे चार तुकडे होतात. वाणी कपाळाला हात लावतो. पण तुकडे तोलून पाहतो, तर प्रत्येक तुकडा नेमका पूर्ण शेरांत भरतो आणि या चारांच्या जोरावर एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत हवं ते वजन करून देता येतं. मग ते तुकडे किती किती शेरांचे? चाळीस शेरांचा मण बाजारात चालत होता, त्या काळातलं हे कोडं. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलोग्रॅम आला, शेर आणि मण व्यवहारातून गेले. कोडं मात्र आजोबांकडून नातवंडांकडे येत राहिलं.

ते एकट्या आपल्या मुलखातलं नाही. पिसाच्या लिओनार्दोच्या, म्हणजे फिबोनाच्चीच्या, १२०२ सालच्या 'लिबेर अबाची' या ग्रंथात ते आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या बाशे द मेझिरियाकनं ते आपल्या कोड्यांच्या पुस्तकात घेतलं आणि युरोपात ते बाशेचं कोडं म्हणून रूढ झालं. उत्तर सगळीकडे एकच : १, ३, ९ आणि २७.

पहिल्यांदा ऐकणारा बहुधा दुपटीच्या वाटेनं जातो : १, २, ४, ८, १६. ही पाच वजनं सगळी मिळून ३१ पर्यंतच पोचतात. चाळिसासाठी ३२ चं सहावं वजन लागतं. चारांत भागतं ते दोन्ही पारड्यांत वजनं टाकायची मोकळीक घेतली म्हणून. समजा २३ शेर ज्वारी तोलायची आहे. उजव्या पारड्यात २७ चा दगड ठेवा. डाव्या पारड्यात ज्वारीच्या सोबतीला ३ आणि १ चे दगड ठेवा. ९ चा दगड जमिनीवरच राहू द्या. काटा मध्यावर आला की ज्वारी झाली २७ वजा ४, म्हणजे २३ शेर. ३२ शेर हवी असेल, तर उजवीकडे २७ आणि ९, आणि डावीकडे ज्वारीबरोबर पुन्हा ३ आणि १.

या कोड्याच्या पोटात संख्या लिहिण्याची एक अख्खी पद्धत आहे आणि मला ती आजवर माणसानं शोधलेल्या पद्धतींतली सर्वांत देखणी वाटते. प्रत्येक दगडाच्या तीनच अवस्था असतात : मालाच्या समोरच्या पारड्यात, मालाच्या बाजूला किंवा जमिनीवर. पहिलीला + म्हणू, दुसरीला −, तिसरीला ०. दगड मोठ्यापासून लहानाकडे मांडले, तर २३ ही संख्या +०−− अशी लिहिता येते आणि ३२ ही ++−− अशी. दशमान पद्धतीत उजवीकडून एकक, दशक, शतक अशा दहा-दहापटीच्या स्थानिक किमती असतात. इथे १, ३, ९, २७, ८१, २४३ अशा तिपटीच्या आहेत. अंक मात्र ०, १, २ असे नाहीत, तर −१, ०, +१ असे आहेत. नेहमीच्या त्रिमान पद्धतीपासून ही वेगळी ओळखावी म्हणून हिला समतोल त्रिमान पद्धती म्हणू.

कुठलीही संख्या या पद्धतीत आणणं सोपं आहे. ३ नं भागत जायचं. बाकी ० किंवा १ आली तर ० किंवा + लिहायचं. बाकी २ आली तर − लिहायचं आणि भागाकारात १ मिळवायचा, कारण २ म्हणजे ३ वजा १. ५० घेऊन पाहू. ५० ला ३ नं भागलं : भागाकार १६, बाकी २. म्हणून − लिहिलं आणि भागाकार १७ केला. १७ ला ३ नं भागलं : भागाकार ५, बाकी २. पुन्हा −, भागाकार ६. ६ ला ३ नं भागलं : भागाकार २, बाकी ०. म्हणून ०. २ ला ३ नं भागलं : भागाकार ०, बाकी २. म्हणून −, आणि भागाकार १. शेवटी १ म्हणजे +. खालून वर वाचलं की +−०−−. पडताळा : ८१ वजा २७ वजा ३ वजा १, बरोबर ५०.

कुठली संख्या सुटणार नाही ना, किंवा एकच संख्या दोन प्रकारे लिहिली जाणार नाही ना, ही शंका साहजिक आहे. चार दगडांच्या मांडण्या मोजा. प्रत्येकाच्या तीन अवस्था, म्हणजे ३ × ३ × ३ × ३ = ८१ मांडण्या. या चार दगडांतून येणाऱ्या संख्या उणे ४० पासून अधिक ४० पर्यंतच असू शकतात आणि शून्य धरून त्या आहेत ८१. वरच्या भागाकाराच्या रीतीनं यातली प्रत्येक संख्या लिहिता येते. मांडण्या ८१ आणि संख्याही ८१, तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला एकच मांडणी येते. एकही वाया जात नाही, एकही दोनदा वापरली जात नाही. लिओनार्ड ऑयलरनं १७४८ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट बहुपदींच्या गुणाकारातून दाखवली. पुढे १८८६ मध्ये पर्सी मॅकमॅहन यानं – तरुणपणी लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात राहिलेला हा अधिकारी पुढे मोठा गणिती झाला – चाळिसापर्यंतचं प्रत्येक वजन एकाच रीतीनं करता येईल असे वजनांचे सगळे संच शोधून काढले. ते आठ निघतात आणि त्यांत सर्वांत कमी वजनांचा संच आपल्या वाण्याचाच.

आता खरा मुद्दा. ५० ही सम संख्या आहे, तिला ५ नं भाग जातो, ती ४९ पेक्षा मोठी आहे. हे गुण तिचे स्वतःचे आहेत, तुम्ही ती कशीही लिहा. पाया, म्हणजे स्थानिक किमती ज्या पटीनं वाढतात ती संख्या, बदलला म्हणून मूळ संख्या बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की तिचे कोणते गुण लिहिताक्षणी डोळ्यांना दिसतात आणि कोणते हिशेब करून काढावे लागतात. दहाच्या पायात शेवटी ० किंवा ५ आहे का एवढं पाहून पाचाचा भाग ठरतो, कारण ५ हा १० चा विभाजक आहे. समतोल त्रिमानात वेगळ्याच गोष्टी वर येतात आणि त्यांतल्या काही फार मूलभूत आहेत.

पहिली गोष्ट, ऋण संख्या. दशमानात ऋण संख्या लिहायला एक जादा चिन्ह पुढे चिकटवावं लागतं. इथे ते लागतच नाही. ५ म्हणजे +−−, कारण ९ वजा ३ वजा १. सगळी चिन्हं उलटी केली की −++ मिळतं, म्हणजे उणे ९ अधिक ३ अधिक १, अर्थात उणे ५. तराजूच्या भाषेत पारड्यांची अदलाबदल झाली, इतकंच. संख्या धन की ऋण, हे डावीकडचा पहिला शून्येतर अंक सांगतो. वजाबाकीसाठी वेगळी रीत शिकायची गरज नाही : चिन्हं उलटी करा आणि बेरीज करा. आजच्या संगणकांत ऋण संख्या द्विमानात, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत, साठवताना एक अडचण कायम राहते. आठ बिटांत उणे १२८ पासून अधिक १२७ पर्यंतच्या संख्या बसतात. म्हणजे उणे १२८ ची चिन्हबदल केलेली जोडीदार त्या जागेत मावतच नाही. समतोल त्रिमानात शून्याच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखा पसारा असतो.

दुसरी गोष्ट सम-विषमाची. १, ३, ९, २७ हे सगळे दगड विषम. विषम संख्यांची बेरीज-वजाबाकी सम येते ती त्यांची संख्या सम असेल तेव्हाच. म्हणून मांडणीतले शून्येतर अंक मोजा : सम असले तर संख्या सम, विषम असले तर विषम. +−०−− यात चार शून्येतर अंक, म्हणून ५० सम. +०−− यात तीन, म्हणून २३ विषम. तीनचा भाग तर शेवटच्या अंकावरच कळतो : शेवटी ० असेल तर भाग जातो, + असेल तर संख्या तिनाच्या पाढ्यातल्या एका संख्येहून एकानं जास्त, − असेल तर एकानं कमी.

चारची कसोटी आपल्या अकराच्या कसोटीसारखी निघते. दहाला अकरानं भागलं तर उणे एक उरतो असं धरता येतं, म्हणून अकरासाठी आपण एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक घेतो. तीनला चारनं भागतानाही तसंच : उणे एक. शंभर घेऊ. ८१ अधिक २७ वजा ९ अधिक १, म्हणून ++−०+. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा अंक : +१, −१, +१, बेरीज १. दुसरा आणि चौथा : ०, +१, बेरीज १. फरक ०. शंभराला चारनं भाग जातो.

७ आणि १३ च्या कसोट्या शाळेत मुलांना नकोशा होतात. इथे त्या एकाच ओळीत होतात, कारण २७ ही संख्या २८ हून एकानं कमी आणि २६ हून एकानं जास्त आहे. २८ मध्ये ७ दडलेला आहे आणि २६ मध्ये १३. मांडणीचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा. गटांची बेरीज १३ साठी, आळीपाळीनं वजाबाकी ७ साठी. ९१ म्हणजे ८१ अधिक ९ अधिक १, मांडणी +०+०+. उजवीकडचा गट +०+ म्हणजे १०. डावीकडचा गट +० म्हणजे ३. बेरीज १३, फरक ७. आणि ९१ म्हणजे ७ गुणिले १३! संख्येचे दोन्ही अवयव एका झटक्यात समोर येऊन उभे राहतात.

तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. दशमानात एखादी संख्या जवळच्या दशकापर्यंत आणायची असेल, तर शेवटचा अंक पाहून निर्णय घ्यावा लागतो : पाचापेक्षा कमी असला तर सोडून द्या, नाही तर पुढच्या दशकात जा. नुसता कापून टाकला तर ३९ चे ३० होतील. समतोल त्रिमानात नुसतं कापलं की झालं. ५० ला ९ नं भागलं तर साडेपाचाहून थोडं जास्त येतं, म्हणून सर्वांत जवळची पूर्ण संख्या ६. आता +−०−− यातले शेवटचे दोन अंक काढून टाका. उरलं +−०, म्हणजे ९ वजा ३, बरोबर ६. हे योगायोगानं होत नाही. कापलेल्या दोन अंकांत जास्तीत जास्त ३ अधिक १, म्हणजे ४ असू शकतात, आणि ४ ही ९ च्या निम्म्याहून कमी आहे. कितीही अंक कापा, कापलेला भाग निम्म्यापर्यंत कधीच पोचत नाही. लांबलचक आकडेमोडीत मधेमधे कापाकापी करावी लागते तेव्हा नेहमीच्या पद्धतीत चुका एकाच दिशेला साचत जातात. इथे त्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या जातात.

गुणाकाराला तर पाढेच लागत नाहीत. + नं गुणायचं म्हणजे संख्या जशीच्या तशी उतरवायची, − नं गुणायचं म्हणजे चिन्हं उलटी करून उतरवायची, ० नं गुणायचं म्हणजे काहीच लिहायचं नाही. बेरजेतही हातचा क्वचितच येतो : दोन अंकांच्या नऊ जोड्यांपैकी फक्त दोनच जोड्यांत, दोन्ही + किंवा दोन्ही − असतील तेव्हा. दशमानात अंकांच्या शंभर जोड्यांपैकी ४५ जोड्यांत हातचा येतो. ५ गुणिले ८ करून पाहू. ५ म्हणजे +−−, आणि ८ म्हणजे ९ वजा १, अर्थात +०−. म्हणून +−− दोन घरं डावीकडे सरकवून लिहायचं, म्हणजे +−−००, आणि त्यात उलटलेलं −++ मिळवायचं. एककात +, तीनच्या घरात +. नऊच्या घरात − आणि −, म्हणजे उणे २. तिथे + लिहून उणे एक हातचा. सत्तावीसच्या घरात − आणि हातचा −, पुन्हा +, पुन्हा उणे एक हातचा. एक्याऐंशीच्या घरात + आणि हातचा −, म्हणजे शून्य. उत्तर ++++. सत्तावीस अधिक नऊ अधिक तीन अधिक एक : वाण्याचा पुरा मण.

अशा सगळे + असलेल्या संख्यांची ओळ अशी : १, ४, १३, ४०, १२१, ३६४... यात १, ४ आणि १२१ या पूर्ण वर्ग आहेत. १२१ म्हणजे ११ चा वर्ग. पुढे या ओळीत, ती कितीही लांबवली तरी, एकही पूर्ण वर्ग येत नाही. नॉर्वेच्या विल्हेल्म ल्युंगरेन यानं १९४३ मध्ये याहून व्यापक प्रमेय सिद्ध केलं : कोणत्याही पायात निव्वळ १ या अंकाच्या रांगेनं लिहिलेली, तीन किंवा जास्त अंकांची संख्या पूर्ण वर्ग असण्याची उदाहरणं दोनच आहेत. एक हे १२१, तीनच्या पायातलं. दुसरं ४००, सातच्या पायातलं, कारण १ अधिक ७ अधिक ४९ अधिक ३४३ बरोबर ४००. अनंत पाये, अनंत लांबीच्या रांगा, आणि त्यांत फक्त दोन. असं काही वाचलं की मी आजही हातातलं काम बाजूला ठेवतो.

अंकांना ऋण किंमत देण्याची कल्पना युरोपात जॉन कोल्सन यानं १७२६ मध्ये दशमानासाठी मांडली होती. आपल्याकडे भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वेदिक मॅथेमॅटिक्स' या पुस्तकामुळे अंकावर आडवी रेघ देऊन तो ऋण मानण्याची रीत अनेकांना माहीत आहे. पण समतोल त्रिमानावर चालणारं यंत्र प्रत्यक्षात उभं केलं ते इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या ग्रेट टॉरिंग्टन या छोट्या गावच्या टॉमस फाउलरनं.

फाउलरचं शिक्षण बेताचंच. गणित तो स्वतःच शिकला. पुढे छापखाना, पुस्तकविक्री, बँकेचा व्यवहार अशी कामं त्यानं केली. गरिबांच्या मदतनिधीचे हिशेब त्याच्याकडे होते आणि पौंड, शिलिंग, पेन्सच्या वाटणीची किचकट गणितं त्याला सतत करावी लागत. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, अशा चलनात गुणाकार-भागाकार करणं म्हणजे डोकेदुखीच. १८३८ मध्ये त्यानं अशा हिशेबांसाठी द्विमान आणि त्रिमान पद्धतींवर आधारलेली कोष्टकं छापली आणि नंतर ही पद्धत चालवणारं यंत्रच बनवलं. त्याआधी पाणी तापवून ते नळ्यांतून खेळवण्याच्या त्याच्या एका शोधाची, १८२८ चं पेटंट असूनही, इतरांनी सर्रास नक्कल केली होती. तो घाव इतका खोल होता की यंत्र त्यानं कुणा कारागिराच्या हाती दिलं नाही; स्वतःच, आणि तेही लाकडात, घडवलं. लाकडामुळे ते अवाढव्य झालं : सहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच.

१८४० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ते मांडलं गेलं. चार्ल्स बॅबेज, ऑगस्टस डी मॉर्गन, राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांसारख्यांनी ते पाहिलं. बॅबेजचं यंत्र दशमानावर होतं. त्याच्या प्रत्येक चाकाला दहा स्थिती लागत. फाउलरच्या प्रत्येक दांड्याला तीन पुरत : पुढे, मध्ये, मागे. इतक्या कमी स्थितींत काम भागलं, म्हणून एक माणूस घरात बसून लाकडात हे यंत्र बनवू शकला. धातूत ते पुन्हा करावं अशी त्याची इच्छा होती, पण पैसा उभा राहिला नाही आणि १८४३ मध्ये तो वारला. यंत्रही राहिलं नाही. डी मॉर्गननं लिहून ठेवलेल्या वर्णनावरून त्याची प्रतिकृती अलीकडे तयार झाली आहे. बॅबेजचं नाव संगणकाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. फाउलरचंही असायला हवं.

तीनच का, चार किंवा पाच का नाही? एक साधा हिशेब करून पाहा. तुमच्याकडे तीस पाट्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर एक अंक लिहिता येतो. दहाच्या पायात तीन घरांसाठी दहा-दहा पाट्या लागतील आणि त्यातून १,००० संख्या दाखवता येतील. पाचाच्या पायात सहा घरं होतील : १५,६२५ संख्या. दोनाच्या पायात पंधरा घरं : ३२,७६८. तीनच्या पायात दहा घरं : ५९,०४९. तितक्याच सामग्रीत सर्वांत जास्त संख्या तीनच देतो. गणितानं याचं कारणही दाखवलं आहे : सर्वांत किफायतशीर पाया म्हणजे २.७१८... ही नैसर्गिक लॉगरिदमची संख्या, आणि तिला सर्वांत जवळची पूर्ण संख्या ३. अर्थात हा हिशेब खरा ठरतो तो प्रत्येक स्थितीचा खर्च सारखा धरला तर, आणि व्यवहारात नेमकं तेच होत नाही.

मॉस्को विद्यापीठातल्या निकोलाय ब्रुसेन्त्सोव्हनं १९५८ मध्ये समतोल त्रिमानावर चालणारा इलेक्ट्रॉनिक संगणक उभा केला. सर्गेई सोबोलेव्ह या नामवंत गणितज्ञाच्या पुढाकारानं हे काम सुरू झालं होतं. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या सेतुन नदीचं नाव त्याला मिळालं. चुंबकीय गाभ्यांवर चालणाऱ्या या यंत्राचा शब्द अठरा त्रिमान अंकांचा होता. अठरा अंकांत उणे १९,३७,१०,२४४ पासून अधिक १९,३७,१०,२४४ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या मावते. दोन संख्यांची तुलना केली तर उत्तरं तीन असतात : लहान, समान, मोठी. ती इथे एकाच अंकात येतात. द्विमान संगणकाला तेवढ्यासाठी दोन प्रश्न विचारावे लागतात. काझानच्या कारखान्यात असे सुमारे पन्नास संगणक तयार झाले आणि त्यांतले बरेच विद्यापीठांत गेले. १९६५ मध्ये उत्पादन थांबलं. ब्रुसेन्त्सोव्हनं १९७० मध्ये सुधारित 'सेतुन-७०' केला. तो विद्यापीठाच्या भिंतींबाहेर फारसा गेला नाही.

सेतुन मागे पडला यात पद्धतीचा दोष नव्हता. चालू किंवा बंद या दोन स्थिती ओळखणारा ट्रान्झिस्टर अत्यंत स्वस्त आणि भरवशाचा झाला. तीन विद्युत पातळ्या बिनचूक वेगळ्या ओळखायच्या तर भाग जास्त लागतात. खुद्द सेतुनमध्येही एका त्रिमान अंकासाठी चुंबकीय गाभ्यांची जोडी लागे, आणि तेवढ्या जोडीत दोन बिट बसू शकले असते. कागदावरची किफायत यंत्रात उतरली नाही. एकदा जगभरचे कारखाने दोनावर बसल्यावर तीनला पुन्हा जागा मिळणं अवघड होतं. डोनल्ड कनूथ यांनी मात्र आपल्या संगणकशास्त्राच्या थोर ग्रंथमालेत सौंदर्याच्या दृष्टीनं हिला सर्व संख्यापद्धतींत बहुधा पहिलं स्थान दिलं आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

गेल्या काही वर्षांत −१, ०, +१ हे त्रिकूट पुन्हा कामाला लागलं आहे. भाषा हाताळणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांत अब्जावधी संख्यांचे गुणाकार करावे लागतात आणि त्यात वीज प्रचंड जाते. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी असं प्रारूप मांडलं की ज्यातले बहुतांश गुणक फक्त −१, ० किंवा +१ असतात. म्हणजे गुणाकार संपला. उरली बेरीज, वजाबाकी आणि सोडून देणं. तीन पर्यायांतला एक निवडण्यात जवळपास १.५८ बिट इतकी माहिती असते, म्हणून त्या प्रारूपाच्या नावात १.५८ हा आकडा आहे. संख्या लिहिण्याची आपली स्थानिक किमतीची पद्धत त्यात नाही, अंकांचं त्रिकूट तेवढं आहे. पण + नं उतरव, − नं उलटव, ० ला सोड, हा नियम तोच.

आपल्याकडे सहावीत पूर्णांक शिकवताना ऋण संख्या संख्यारेषेवर डावीकडे दाखवतात आणि 'वजा वजा अधिक' हा नियम पाठ करून घेतात. मुलं तो पाठ करतात आणि तो असा का, हे विचारायचं सोडून देतात. गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की एक तास यासाठी द्या. पुठ्ठ्याच्या चौकोनांवर +, − आणि ० लिहा, फळ्यावर ८१, २७, ९, ३, १ अशी घरं आखा आणि प्रत्येक मुलाला आपला हजेरी क्रमांक मांडायला सांगा. मग तोच क्रमांक ऋण करायला सांगा. सगळे चौकोन बदलून झाल्यावर पुन्हा एकदा बदलायला सांगा. मूळ संख्या परत आलेली त्यांना स्वतःच्या हातांनी दिसेल, आणि वजाचं वजा अधिक का होतं, हे वेगळं सांगावं लागणार नाही.